उंचीवर सापडले म्हणजे बाहेरून आले?

‘जीवसृष्टी अंतराळातून पृथ्वीवर आली, हे भारतीय शास्त्रज्ञांनी हैदराबादहून फुगा सोडून सिद्ध केलं, आणि त्या प्रयोगाचे प्रमुख होते आपले जयंत नारळीकर.’ अशा अर्थाचं वाक्य अधूनमधून व्याख्यानांत ऐकू येतं, मोबाइलवर फिरत येतं. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले आणि श्रद्धांजलीच्या ओघात ते पुन्हा वर आलं. आम्हा हैदराबादी मराठी मंडळींना तर त्याचा दुहेरी अभिमान. माणूस आपला आणि गावही आपलं. या वाक्यातलं हैदराबाद खरं आहे, फुगा खरा आहे, नारळीकर खरे आहेत. ‘सिद्ध केलं’ एवढंच खोटं आहे, आणि नेमक्या त्याच दोन शब्दांसाठी ते वाक्य पुढे ढकललं जातं.

या दाव्याला कंटाळलेल्या मंडळींचा दुसरा एक गट आहे. त्यांच्या मते तो सगळा प्रकारच हास्यास्पद होता. एका मोठ्या शास्त्रज्ञाला आपल्या गुरूच्या, फ्रेड हॉईल यांच्या, विक्षिप्त कल्पनेचा मोह आवरला नाही आणि सरकारी पैसा हवेत उडाला, असं त्यांचं म्हणणं. मला दोन्ही गट अमान्य आहेत. पण पहिल्याचा आवाज मोठा आहे आणि नुकसानही तोच जास्त करतो, म्हणून त्याचा समाचार आधी.

प्रयोग काय होता, हे प्रथम पाहू. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं फुगे सोडण्याचं केंद्र हैदराबादेत ईसीआयएलच्या परिसरात आहे. ते १९६९ मध्ये सुरू झालं, पण फुग्यांचा इथला इतिहास त्याहून जुना आहे. होमी भाभांना वैश्विक किरणांचा अभ्यास करायचा होता. हैदराबाद भूचुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे कमी ऊर्जेचे किरण पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र इथे अडवून धरतं आणि फक्त जोरकस किरणच आत येतात. म्हणून हे गाव सोयीचं. पॉलिथिनच्या पातळ पापुद्र्याचे अवाढव्य फुगे, त्यात हायड्रोजन, खाली लोंबती उपकरणं, आणि काम संपलं की हवाई छत्रीनं खाली उतरणारा संच, अशी इथली रीत. हा संच कुणाच्या शेतात उतरेल ते वाऱ्यावर ठरतं. म्हणून तेलंगण, आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्रातल्या गावकऱ्यांना सूचना दिली जाते की पेटी सापडली तर उघडू नका, फोन करा. डिसेंबर २०२२ मध्ये विकाराबाद जिल्ह्यातल्या एका शेतात अशीच एक मोठी कुपी उतरली. स्पेनच्या एका कंपनीच्या चाचणीची ती कुपी पाहायला सगळं गाव लोटलं, आणि अंतराळयान उतरल्याची आवई उठली.

२० एप्रिल २००५ रोजी या केंद्रातून सुमारे साडेसात लाख घनमीटर आकारमानाचा फुगा ४५९ किलो वजनाचा संच घेऊन वर गेला. संचात स्टेनलेस स्टीलची सोळा नळकांडी होती. ती आतून निर्जंतुक केलेली, हवा पूर्ण काढून घेतलेली आणि द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेली होती. निऑन कशासाठी, हे समजलं की या प्रयोगामागची बुद्धी कळते. ४१ किलोमीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे चारशेव्या भागाइतका उरतो. तिथे नुसतं झाकण उघडलं तर हाताला फारसं काही लागणार नाही. पण द्रवरूप निऑनचं तापमान शून्याखाली २४६ अंश सेल्सिअस. नळकांड्याच्या भिंती इतक्या थंड झाल्या की आत शिरलेली हवा भिंतीवरच गोठते, आतली पोकळी पोकळीच राहते आणि बाहेरची हवा आणखी आत ओढली जाते. जमिनीवरून आज्ञा देऊन झडपा उघडायच्या आणि मिटायच्या. २० ते ४१ किलोमीटरच्या पट्ट्यात वेगवेगळ्या उंचींवर असे नमुने भरले गेले. एक नळकांडं ताळ्यासाठी न उघडताच ठेवलं होतं. खाली आल्यावर नमुने दोन स्वतंत्र प्रयोगशाळांकडे गेले. एक हैदराबादचंच पेशीय आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्र (सीसीएमबी), दुसरं पुण्याचं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र. म्हणजे एका प्रयोगशाळेची चूक दुसरीत उघडी पडावी, ही तजवीज सुरुवातीपासून होती.

निष्पन्न काय झालं? जीवाणूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती मिळाल्या. त्यांतल्या नऊ वसाहतींची जनुकीय ओळख पृथ्वीवरच्या ज्ञात जातींशी ९८ टक्क्यांहून अधिक जुळली. जीवाणूंच्या तीन जाती मात्र नव्या निघाल्या. त्यांना ‘जॅनिबॅक्टर हॉईलाय’, ‘बॅसिलस इस्रोनेन्सिस’ आणि ‘बॅसिलस आर्यभट्टाय’ अशी नावं मिळाली, आणि तिघांचीही अतिनील किरण सोसण्याची ताकद त्यांच्या जवळच्या नातलगांपेक्षा जास्त होती. मार्च २००९ मध्ये हा प्रयोग राबवणाऱ्या इस्रोनं हे जाहीर केलं, आणि त्याच निवेदनात स्वच्छ म्हटलं की या अभ्यासावरून हे सूक्ष्मजीव पृथ्वीबाहेरचे आहेत असं निर्णायकपणे ठरत नाही. पण शोध पुढे चालू ठेवायला उत्तेजन नक्की मिळतं. प्रयोग करणाऱ्यांनी स्वतःहून घातलेली ही मर्यादा. ती गाळून उरलेलं तेवढं सांगणारे मात्र आपण.

आता ‘सिद्ध झालं’ म्हणणाऱ्यांचे मुद्दे एकेक घेऊ.

पहिला मुद्दा, जाती नव्या आहेत म्हणून त्या बाहेरच्या. सूक्ष्मजीवशास्त्रात ‘नवी जात’ या गोष्टीची इतकी अपूर्वाई नसते. पृथ्वीवरच्या सूक्ष्मजीवांच्या फारच थोड्या जातींना आजवर नावं मिळाली आहेत; मातीत, समुद्रात, सांडपाण्यात नव्या जाती वर्षभर सापडतच असतात. शिवाय हे तिघे कुणाच्या कुळातले आहेत ते पाहा. ‘जॅनिबॅक्टर’ कुळाची पहिली जात १९९७ मध्ये नोंदली गेली ती सांडपाण्याच्या गाळातून. इस्रोच्या नावाच्या जीवाणूचा जवळचा भाऊबंद जर्मनीतल्या बीच झाडांच्या जंगलातल्या मातीत सापडलेला. आर्यभटाच्या नावाचा जीवाणू तर पुढे ठिकठिकाणच्या मातीत आणि झाडांच्या मुळांशी मिळाला. दक्षिण कोरियात सोयाबीनच्या मुळांजवळून त्याचा एक वाण वेगळा काढून पिकाची वाढ सुधारते का, याचे प्रयोग झाले. ज्याला आपण व्यासपीठावरून परग्रहाचा पाहुणा म्हणून मिरवतो, तो सोयाबीनच्या शेतात नांदतो आहे. लातूर-नांदेडच्या शेतकऱ्याला तर ही गंमत लगेच कळावी.

दुसरा मुद्दा अतिनील किरणांचा. एवढे तीव्र किरण सोसतात म्हणजे ते अंतराळातच घडले असणार, असा तर्क. स्थितांबराच्या वरच्या थरात ज्यांना ते किरण सोसत नाहीत ते मरतात. नळकांड्यात जिवंत सापडणारे साहजिकच चिवट असणार. चिवटपणावरून कोण टिकलं ते कळतं, कोण कुठून आलं ते कळत नाही. किरणोत्साराला दाद न देणारा ‘डायनोकॉकस रेडिओड्युरन्स’ हा सुप्रसिद्ध जीवाणू १९५६ मध्ये अमेरिकेत कुठे सापडला? किरणांचा मारा करून निर्जंतुक केलेल्या मांसाच्या डब्यात. ‘बॅसिलस प्युमिलस’चा एक अतिचिवट वाण नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतल्या, अंतराळयानं जोडण्याच्या स्वच्छ दालनात मिळाला. अतिनील किरण आणि हायड्रोजन पेरॉक्साइड दोन्ही पचवणारा. दोघेही इथलेच.

तिसरा मुद्दा उंचीचा, आणि तो खरोखर वजनदार आहे. तपांबरात हवा वरखाली घुसळली जाते, पण आपल्या अक्षांशांवर साधारण सोळा-सतरा किलोमीटरच्या वर स्थितांबर सुरू होतं. तिथे उंचीबरोबर तापमान वाढत जातं, त्यामुळे हवेचं वर चढणं जवळजवळ थांबतं. मग जमिनीवरचा जीवाणू ४१ किलोमीटरवर चढला कसा? नारळीकर आणि हॉईल यांच्यासह ही कल्पना मांडणारे चंद्र विक्रमसिंघे यांचा भर या प्रश्नावर होता, आणि प्रश्न रास्त होता. पण गच्चीवर कुणी अनोळखी माणूस दिसला आणि जिन्याला कुलूप आहे, एवढ्यावरून तो हेलिकॉप्टरनं उतरला असं आपण ठरवत नाही. आधी दुसरा जिना आहे का ते बघतो. इथे दुसरे जिने आहेत. जानेवारी २०२२ मध्ये टोंगाजवळच्या हुंगा टोंगा ज्वालामुखीचा लोट ५७ किलोमीटरपर्यंत गेला. २००५ च्या उड्डाणाआधी तसा स्फोट झाला होता, असं मी म्हणत नाही. खालचा ऐवज इतका वर जाऊ शकतो, एवढंच यातून दिसतं. त्याआधी १९७८ मध्ये सोव्हिएत संशोधकांनी अग्निबाणांच्या साहाय्यानं ४८ ते ७७ किलोमीटरवरून सूक्ष्मजीव आणल्याचं प्रसिद्ध केलं. त्यांत काय होतं? पेनिसिलियम आणि ॲस्परजिलस नायजर, म्हणजे साठवणीतल्या कांद्यावर दिसते ती काळी बुरशी. ती कोणत्या ताऱ्याकडून आली म्हणायची? चढण्याची वाट पूर्ण उलगडलेली नाही, हे खरं. पण एक वाट माहीत नाही, म्हणून दुसरी आपोआप सिद्ध होत नाही.

चौथा मुद्दा सर्वांत गमतीचा. पृथ्वीवरच्या जातींशी ९८ टक्क्यांहून जास्त जुळणारे जीवाणू अंतराळातून कसे येतील, असं विचारलं की उत्तर येतं, जुळणारच, कारण पृथ्वीवरचे जीव मुळात तिथूनच आले! म्हणजे जुळले तरी अंतराळातले आणि वेगळे निघाले तरी अंतराळातले. सोयाबीनच्या मुळाशी सापडले, तर तेही वरूनच पडलेले. प्रयोगाचा निकाल काहीही लागला तरी ज्या दाव्याला धक्का बसत नाही, तो तपासायला फुग्याची गरजच काय होती? घरी बसूनही तो करता आला असता. नारळीकरांनी फुगा सोडला, कारण त्यांना निकालानं हलू शकणारं उत्तर हवं होतं. त्यांच्या नावानं न हलणारा दावा करणं म्हणजे त्यांचा प्रयोगच निरर्थक ठरवणं आहे.

पाचवा मुद्दा, ‘पण नारळीकर म्हणाले ना!’ इथे तर हसावं की रडावं कळत नाही. ज्या माणसानं ‘मोठा माणूस म्हणतो म्हणून’ या सवयीशी हयातभर झगडा केला, त्याच्याच नावाचा आपण शिक्का करतो. फलज्योतिषाची चाचणी आठवा. नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे आणि सुधाकर कुंटे यांच्यासह त्यांनी हुशार आणि मतिमंद अशा दोन गटांतल्या मुलांच्या कुंडल्या मिसळून ज्योतिषांकडे दिल्या. प्रत्येकाला चाळीस. ५१ जणांनी कुंडल्या घेतल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली आणि यशाचं सरासरी प्रमाण निघालं ४६ टक्के, म्हणजे नाणेफेकीपेक्षाही कमी. हैदराबादच्या प्रयोगाला ज्यांचा आधार होता, ते सीसीएमबीचे संस्थापक पुष्प भार्गव हेही याच पठडीतले. विद्यापीठांत ज्योतिर्विज्ञान शिकवायला निघालेल्या अनुदान आयोगाविरुद्ध ते न्यायालयात गेले. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले, पण मागे हटले नाहीत. या दोघांच्या प्रयोगाविषयी बोलताना पुरावा मागणं म्हणजे त्यांचा अपमान, असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं दोघांनाही वाचलेलं नाही.

आणि नारळीकरांचं प्रत्येक मत मान्य करायचं, असा नियम त्यांच्या सहकाऱ्यांनीही कधी पाळला नाही. विश्वाच्या महास्फोटी उत्पत्तीला ते शेवटपर्यंत पर्याय मांडत राहिले. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांना तो पटला नाही. त्यांनी स्थापन केलेल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत महास्फोट मानणारे संशोधक निर्धास्तपणे काम करत आले. मतभेद असूनही संस्था उभी राहते, हे त्यांनी आपल्याला करून दाखवलं.

सहावा मुद्दा, ‘भारतीय होते म्हणून पाश्चात्त्यांनी दाबलं.’ काय दाबलं? तिन्ही जाती जीवाणूंच्या नामकरणाच्या अधिकृत आंतरराष्ट्रीय नियतकालिकात २००९ मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि स्वीकारल्या गेल्या. जेवढं दाखवलं तेवढं जगानं मान्य केलं. जे दाखवलंच नव्हतं, ते मान्य केलं नाही. गोऱ्यांना वेगळा न्याय लागला का? शेफील्डच्या मिल्टन वेनराइट यांनी २०१३ मध्ये इंग्लंडमधून फुगा सोडून २२ ते २७ किलोमीटरच्या पट्ट्यात डायटम शैवालाचं कवच मिळवलं आणि ते अंतराळातलं असल्याचं ठणकावून सांगितलं. त्यांच्यावर हैदराबादच्या प्रयोगाहून कितीतरी कडक टीका झाली. केरळात २००१ मध्ये पडलेल्या तांबड्या पावसात परग्रहावरच्या पेशी असल्याचा दावा झाला, तेव्हा त्या ‘ट्रेंटेपोहलिया’ नावाच्या शैवालाचे बीजाणू आहेत हे भारतातल्याच प्रयोगशाळांनी दाखवलं. म्हणजे दडपणारे पाश्चात्त्य आणि दडपले गेलेले भारतीय, ही मांडणी इथे लागूच होत नाही.

आता दुसऱ्या गटाकडे वळतो. ‘सगळा मूर्खपणा’ म्हणणाऱ्यांनी आधी नळकांड्यांचा तपशील वाचावा. २००१ च्या जानेवारीत हैदराबादहूनच झालेल्या आधीच्या उड्डाणाचे नमुने ब्रिटनमध्ये तपासले गेले होते, आणि त्यातल्या जीवाणूंवरून विक्रमसिंघे यांनी मोठी विधानं केली होती. हे जीवाणू प्रयोगशाळेतच शिरले असतील, अशी शंका तेव्हा घेतली गेली. २००५ चं उड्डाण त्या शंकेला उत्तर म्हणून अधिक कडक आखलं गेलं. दोन प्रयोगशाळा, ताळ्याचं नळकांडं, वेगवेगळ्या उंचींचे नमुने. आक्षेपाला शिव्यांऐवजी सुधारलेल्या प्रयोगानं उत्तर देणं, याला मूर्खपणा म्हणत नाहीत. शिवाय जीवाणू बाहेरचे नसले तरी हा प्रयोग पदरात काही टाकून गेलाच. पृथ्वीवरचं जीवावरण किती वर पोचतं, हा स्वतंत्र आणि गंभीर प्रश्न आहे. सीसीएमबी आणि पुण्याच्या केंद्रातलं काम त्याच्या उत्तराचा भाग आहे.

मूळ कल्पनाही हसण्यावारी नेण्यासारखी राहिलेली नाही. जपानच्या ‘तानपोपो’ प्रयोगात डायनोकॉकसचे गोळे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या बाहेर तीन वर्षं ठेवले. पुरेशा जाड गोळ्यांच्या आतले जीवाणू जिवंत राहिले. बेन्नू लघुग्रहावरून २०२३ मध्ये पृथ्वीवर आलेल्या १२१.६ ग्रॅम ऐवजात सजीवांना लागणाऱ्या वीसपैकी चौदा अमिनो आम्लं आणि जनुकीय अक्षरांचे पाचही रेणू सापडल्याचं जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालं. जीवनाचा कच्चा माल अंतराळात आहे, हे आता पक्कं. पण कच्चा माल म्हणजे जीव नव्हे, आणि ते काम करणारे संशोधक तसं म्हणतही नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये मंगळावरच्या पर्सिव्हरन्स यानाला सापडलेल्या खडकाबद्दल बोलताना नासानंही ‘संभाव्य’ खुणा हाच शब्द वापरला. २००९ मध्ये इस्रोनं वापरलेली सावध भाषा याच जातीची होती, आणि ती सोळा वर्षं आधीची होती. हैदराबादच्या प्रयोगाबद्दल अभिमान बाळगायचा, तर तो या गोष्टीचा.

मग हा प्रश्न सुटायचा कसा? एक मार्ग समस्थानिकांचा. उल्कांमधल्या सेंद्रिय द्रव्यात जड हायड्रोजनसारख्या समस्थानिकांचं प्रमाण पृथ्वीवरच्या प्रमाणापेक्षा वेगळं असतं. बाहेरून आलेल्या पेशीत तसा ठसा शोधता येईल. पण इथे एक मेख आहे. बशीत पोषक द्रव्य घालून वसाहत वाढवली की नव्या पेशी त्या द्रव्यातलेच अणू घेतात आणि मूळ ठसा पुसला जातो. ज्या पद्धतीनं जात ओळखता येते, तीच पद्धत मूळ गाव विसरायला लावते. म्हणून न वाढवलेल्या, नळकांड्यातून थेट मिळालेल्या मोजक्या पेशींवर काम करावं लागेल. दुसरा मार्ग मोजणीचा. जीवाणू वरून येत असतील, तर हवेच्या त्याच वजनामागे त्यांची संख्या उंचीबरोबर वाढायला हवी; खालून येत असतील, तर घटायला हवी. त्यासाठी वेगवेगळ्या ऋतूंत पुन्हा पुन्हा उड्डाणं लागतील. दर वेळी फुग्याच्या पापुद्र्याचे आणि संचाच्या पृष्ठभागाचेही नमुने घ्यावे लागतील, कारण फुगा स्वतः जमिनीवरूनच निघालेला असतो. हे सगळं करण्याजोगं आहे आणि त्याची अर्धी विद्या याच गावात आहे.

मात्र सुटलेल्या प्रश्नावर कोणी पैसा घालत नाही. ‘सिद्ध झालंच आहे’ असं मानणाऱ्या समाजाला पुढच्या फुग्याची गरज वाटत नाही, आणि ‘सगळा मूर्खपणा होता’ म्हणणाऱ्यालाही ती वाटत नाही. एकमेकांचं तोंड न बघणारे हे दोन्ही गट एकाच निर्णयावर येऊन पोचतात: आता तपासायचं काही उरलेलं नाही. नारळीकरांचं मत त्याच्या नेमकं उलट होतं, आणि त्यांच्याशी सहमत व्हायचंच असेल, तर निदान एवढ्यावर तरी व्हावं.